वाटेत वाळू लागली तर बघ

…आणि वर मलाच म्हणत्यात, ‘संद्या, तुझं डोकं फिरलंय!’ माझं? माझं डोकं फिरलंय? अहो तुमाला सांगतो, इंदापुरातनं जैसलमेरला निघालेल्या माणसाला जे भिगवणच्या म्होरं जाऊ देत न्हायत त्यांची डोकी जाग्यावर, आणि माझं फिरलंय! वा रे वा! आमाला वाळू बघायची हुती ओ, नुसती वाळू! दुसरं काय मागितलं हुतं कुणाकडं?

आमाला म्हंजे मला आणि ऋषीदादाला. माझा थोरला भाऊ, ऋषिराज. तुमी वळखता की त्याला, पांढरी पिकअप, मार्केटला भाजी घेऊन जातो… जायचा. जायचा! जीभ वळत न्हाय अजून. दिवाळीच्या तोंडावर ताप आला, दवाखान्यात आपल्या पायानं चालत गेला, गेटावर मला म्हणतो, ‘गाडी सावलीत लाव रं.’ मी लावली सावलीत. आणि परत येऊन बघतो तर ह्यो बाबा… जाऊ द्या. जाऊ द्या म्हणलं ना!

तर त्यानं मोबाईलवर बघितलं हुतं. सापुताऱ्याचा घाट चढायचा, तिकडनं सुरतेला उतरायचं, मग अबूचा डोंगर, आणि डोंगर सरला की लांब कुठंतरी वाळू. वाळूच्या टेकड्या! आणि त्या वाऱ्यानं हालत्यात म्हणं, आज हितं तर उद्या तितं. मी आठवी नापास, मला नकाशा कळत न्हाय. दादा नकाशावर बोट फिरवायचा, मी आपला बोटाकडं बघायचो. म्हणायचा, ‘संद्या, आपण दोघंच. डबा गाडीत, झोप गाडीत. कुठं थांबायचं न्हाय आणि कुणाला सांगायचं बी न्हाय.’ मी म्हणलं, व्हय दादा. आमाला वाळू बघायची हुती ओ!

आता दादा न्हाय. मी म्हणलं, गाडी हाय, थंडी हाय, मी जातो एकटा. मनात आलं आणि डिझेल भरूनच घरी आलो. आबांना, म्हंजे वडलांना सांगितलं. आबा काय म्हणावेत? ‘वर्ष न्हाय सरलं आन् तू मौज करायला निघालास?’ म्हणलं, मौज न्हाय आबा, वाळू! ‘वाळू? आरं तहसीलच्या आवारात धरलेले ट्रक उभे हायत भीमेच्या वाळूचे, जा, तितं बघ! पोटभर बघ! त्याला राजस्थान कशाला लागतंय?’

आता ह्या माणसाला काय बोलायचं? मी ताट सरकवलं आणि उठलो. मग आबाच नरमले. म्हणले, ‘हे बघ, तुझा दुखवटा कुणी काढलाय का अजून?’ तुमाला म्हाईत हाय आमच्यातली रीत. घरातलं माणूस गेलं की पाहुण्यांनी आपल्याला बोलवायचं, जेवू घालायचं, टॉवेल-टोपी द्यायची, मग दुखवटा निघाला. तवर कुठं हिंडायचं न्हाय, हसायचं न्हाय. ‘तर तू पाहुण्यांकडं दुखवट्याला म्हणून नीघ,’ आबा म्हणले, ‘मंजे कोण नाव ठेवणार न्हाय. आन् वाटेत वाळू लागली तर बघ.’

वाटेत वाळू लागली तर बघ! जैसलमेर! वाटेत!

आणि लगेच फोन. स्पीकरवर. आमचे आबा फोनवर असं बोलत्यात की नुसत्या आवाजानं भिगवणला ऐकू जावं. पयला फोन तिथंच, छबूबाई आत्याला. आत्या कडाडली, ‘माझ्या दारावरनं गाडी जाणार आन् पोरगं उतरणार न्हाय? मी काय मेले का?’ …आणि गप्पच झाली. मग तिकडं आत्या रडायला लागली, हिकडं आबांनी उपरण्यानं डोळं पुसलं, आणि माझा पयला मुक्काम भिगवण ठरला, जेवायला तळलेली चिलापी मासळी. भिगवण! आवं, तिथवर तर आमचा टेम्पो झोपेत जातो!

मग सिन्नरचे रावजीमामा. ‘दोन रात्री ऱ्हायचं. एका रात्रीत कुठं दुखवटा निघतो का?’ मग मोनाताई, माझी चुलत बहीण, सुरतेला दिलेली. ती म्हणती, ‘सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय भाऊ येतोय म्हणून. टॉवेल कुठल्या रंगाचा आणू रे तुला?’ रंगाचा! भाऊ गेलाय माझा, मी काय मॅचिंग बघू? ह्या हिशेबानं मी अबूच्या पायथ्याला पोचायचो तवर गाडीत टॉवेल-टोप्यांचं दुकान झालं असतं! आमाला वाळू बघायची हुती ओ, कुणाला सांगू?

माझं टाळकं सरकलं. अंगणात गेलो आणि आत्याला उलटा फोन लावला. म्हणलं, ‘आत्या, तुझी चिलापी टाक परत उजनी धरणात! मी थांबणार न्हाय. दादानं सांगितलं हुतं, कुठं थांबायचं न्हाय!’

आत्या म्हणती, ‘कोण म्हणलं? ऋषी? आरं, त्यानंच मला सांगितलं हुतं की! गणपतीत आला हुता मासं न्यायला. म्हणला, थंडीत संद्याला घेऊन लांब निघालोय, पयलं जेवण तुझ्याकडं, चिलापी तळून ठेव. आन् संद्याला बोलू नगंस, त्यो चिडंल.’

मी चिडंल! आता ह्याला काय म्हणावं? तसाच मामाला फोन लावला. मामा म्हणतो, ‘दोन रात्री त्यानंच ठरवल्या. म्हणला, आमच्या संद्याला घाटात गाडी लागती, आदल्या दिवशी झोपू दे त्याला निवांत.’ मोनाताईला लावला. तिलाबी म्हाईत! सगळ्यांना म्हाईत! दुखवट्याचं निमित्त आत्ताचं, जेवणं आधीच ठरलेली! सगळ्या म्हाराष्ट्राला आणि निम्म्या सुरतेला म्हाईत, फक्त शेजारी बसून बोटाकडं बघणाऱ्या मला म्हाईत न्हाय!

आला, लई राग आला. पण काढायचा कुणावर? जिता असता तर पाठीत रट्टा घातला असता. घरात येऊन वहिनीवर ओरडलो, ‘वहिनी, दादा खोटं बोलला माझ्याशी!’ सुप्रियावहिनी दिवाळीपासनं एक शब्द धड बोलली न्हवती. ती माझ्याकडं बघत बसली आणि… हसली ओ. हसली! म्हणती, ‘भावजी, ते मोरगावला गेलं तरी वाटेत चार घरी च्या पिऊन यायचे. आन् ते तुमाला न थांबता जैसलमेरला नेणार हुते? आन् तुमी खरं मानलं?’ हसता हसता तिला रडू फुटलं, मग आबांना, मग… मी पाणी प्यायला गेलो. पाणी प्यायला, म्हणलं ना!

परत आलो तवा एकच इचारलं. म्हणलं, ‘वहिनी, सुरतेच्या म्होरं कुणाला सांगितलं हुतं दादानं?’ ती म्हणली, ‘तिकडं आपलं कोणच न्हाय.’

म्हंजे बघा! सुरतेपातूर सगळा रस्ता त्यानं माणसांनी भरून ठेवलाय, आणि तिथनं म्होरं अबू, जोधपूर, वाळू… सगळा मोकळा. तितं मी एकटा. आमाला वाळू बघायची हुती… आता मलाच बघायची.

उद्या पहाटं निघतोय. तेवढं एक काम करा. तुमच्यात कुणाची लेक, भाची, कोण लांबचं, जैसलमेरच्या बाजूला दिलीया का ओ? कसला बी पाहुणा चालंल. जेवू नका घालू, दुखवटा नका काढू… गाडी थांबल्यावर दारात हुबं ऱ्हाऊन नुसतं ‘आलास का संद्या’ म्हणलं, तरी बास.