क्वानबाईंचं पान

मार्नी : झाकण काढू नको म्हणतोस, बाबा, पण आत काय शिजतंय ते तरी सांग. गाडीतून उतरले तेव्हापासून वास येतोय.

ऑर्विल : बीफ आणि ब्रोकोली. चिनी दुकानात मिळायचं तसलं.

मार्नी : तू केलंस?

ऑर्विल : चर्चला जायच्या आधी लावलं. तुझ्या आईचा स्लो कुकर माळ्यावर पडून होता. सगळं टाकायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं, असं ती म्हणायची.

मार्नी : आई जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तू अंडी आणि टोस्टच्या पुढे सरकला नाहीस. आज एकदम बीफ?

ऑर्विल : दुकान बंद झालं ना. आता खायचं कुठे?

मार्नी : ब्रोकोली कधी घातलीस?

ऑर्विल : मांसाबरोबरच.

मार्नी : सकाळी? अरे, तिचा आतापर्यंत लगदा झाला असेल. ती शेवटी घालायची, जेवायला अर्धा तास राहिला की.

ऑर्विल : कृती किराणावालीने सांगितली, पण हे नाही सांगितलं.

मार्नी : सरक, बघू दे. हं. मांस छान मऊ झालंय. हिरवं मात्र काही उरलेलं नाही. आणखी आहे का घरात?

ऑर्विल : एक गड्डा आहे.

मार्नी : आण. मी तुरे काढते. तू कॉर्नफ्लॉर कालव, म्हणजे रस दाट होईल. गार पाण्यात. गरम घेतलंस तर गुठळ्या होतील. आणि ही तीन पानं कुणाकुणाची मांडलीस?

ऑर्विल : तुझं, माझं. आणि क्वानबाईंचं.

मार्नी : दुकानवाल्या क्वानबाई? अख्खं गाव पंचवीस वर्षं ज्यांच्या हातचं खात आलं, त्यांना तू त्यांचाच पदार्थ वाढणार?

ऑर्विल : दुसरं काय करू? त्यांना काय आवडतं, मला काय माहीत. हे निदान त्यांच्या ओळखीचं.

मार्नी : पण बोलावलंस कशाला?

ऑर्विल : परवा दुकानावरून जात होतो. त्या खोकी भरत होत्या. मुलगा सॅक्रामेंटोला असतो, मंगळवारी त्याच्याकडे निघाल्यात, कायमच्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, या गावातलं कुठलं घर आवडलं तुम्हाला?

मार्नी : मग?

ऑर्विल : म्हणाल्या, पायऱ्या सगळ्या माहीत आहेत, दारं सगळी माहीत आहेत. आत कधी गेले नाही.

मार्नी : आपल्या दारात तर दर शुक्रवारी जेवण पोचवायला यायच्या. बर्फातसुद्धा.

ऑर्विल : हो. म्हणून म्हटलं, रविवारी या. जेवायला.

मार्नी : बाबा, एक विचारू? हे नुसतं जेवणच आहे ना?

ऑर्विल : मंगळवारी जाणाऱ्या बाईला माणूस आणखी काय विचारणार?

मार्नी : मध्ये सोमवार आहे.

ऑर्विल : तू ब्रोकोली चीर.

(दारावरची घंटा वाजते.)

ऑर्विल : या, क्वानबाई. बूट असू द्या.

क्वानबाई : नको, काढते. ही संत्री घ्या. उशीर नाही ना झाला?

मार्नी : अजिबात नाही. मी मार्नी, यांची मुलगी.

क्वानबाई : ओळखते की. भाताऐवजी नूडल्स, मिरची वेगळ्या पुडीत.

मार्नी : तेच. या, इथे बसा.

क्वानबाई : इथे? स्वयंपाकघराकडे पाठ येईल.

मार्नी : येऊ दे. आज तिकडे बघायचं काम तुमचं नाही.

ऑर्विल : भात घेतलात? हे घ्या. ब्रोकोली दोन प्रकारची आहे. एक हिच्या हातची, एक माझ्या हातची. माझी दिसणार नाही.

क्वानबाई : खूप केलंत.

ऑर्विल : सुरू करा ना.

मार्नी : क्वानबाई, काही हवंय का? नुसता भातच खाताय.

क्वानबाई : मी ठरवलं होतं, भात खायचा, छान झालं म्हणायचं आणि उठायचं. पण ऑर्विल माझ्या ताटाकडे बघतायत. त्यांना वाटेल, बिघडलं.

ऑर्विल : बिघडलंय का?

क्वानबाई : वासावरून तर चांगलं झालंय. लसूण थोडा जास्त आहे. पण मी बीफ खात नाही.

ऑर्विल : कधीपासून?

क्वानबाई : चार वर्षांची होते तेव्हापासून. तापाने फणफणले होते. डॉक्टर नदीपलीकडे, आणि नदीला पूर. आजीने ग्वानयिन देवीला नवस बोलला, पोर वाचली तर आयुष्यभर बीफ खाणार नाही. पोर वाचली.

मार्नी : पण दुकानात तर तुम्ही रोज हेच करायचात.

क्वानबाई : करायचे. नवस माझ्या खाण्याचा होता, गावाच्या नाही.

ऑर्विल : आणि मला वाटलं, हे तरी तुमच्या ओळखीचं.

क्वानबाई : ओळखीचं आहेच. डोळे मिटून करीन. फक्त चाखलेलं नाही.

मार्नी : मग चव कशी कळायची?

क्वानबाई : आमचे हे चाखायचे. एक घास घ्यायचे, मान हलवायचे. की झालं. ते गेल्यावर अंदाजाने घालत राहिले. बरोबर व्हायचं ना?

ऑर्विल : हो हो.

क्वानबाई : ऑर्विल.

ऑर्विल : थोडं खारट व्हायचं.

क्वानबाई : थोडं?

मार्नी : खाल्ल्यावर तांब्याभर पाणी लागायचं.

क्वानबाई : ते जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी गावाला खारट खायला घातलं? आणि एक माणूस बोलला नाही?

ऑर्विल : सुरुवातीला न्हाव्याकडे विषय निघाला होता. कुणीतरी म्हणालं, जाऊन सांगायला हवं. पण क्वान नुकतेच गेले होते. अशा वेळी बाईंना मिठाचं काय सांगायचं? राहू दे म्हटलं. मग राहिलंच.

क्वानबाई : सगळ्यांना माहीत होतं?

ऑर्विल : पाद्रीबाबांनासुद्धा. ते शनिवारी न्यायचे आणि रविवारी प्रवचनात दर वाक्याला पाणी प्यायचे.

मार्नी : क्वानबाई? रडताय की हसताय?

क्वानबाई : कळत नाहीये. रुमाल द्या. आमचे हे गेले तेव्हा चार माणसं आली, बर्फ फार पडलाय म्हणाली आणि गेली. मला वाटलं होतं, या गावाला कुणाचं काही वाटत नाही.

ऑर्विल : आम्हाला बोलता येत नाही, क्वानबाई. खाता येतं.

मार्नी : बाबा, त्यांचं ताट घे. हा भातही रसात भिजलाय.

क्वानबाई : थांबा, मी करते काहीतरी. कढई कुठे असते?

मार्नी : बसा हो. मघाशी काय ठरलं?

ऑर्विल : बसा. अंडी मला येतात. हिला विचारा.

मार्नी : अंडी मात्र चांगली करतो.

ऑर्विल : कशी करू?

क्वानबाई : कशीही चालतील.

ऑर्विल : कशीही मला येत नाहीत. तुम्हाला कशी आवडतात ते सांगा.

क्वानबाई : मला? जरा आठवू द्या. पूर्वी आवडायची, ती... कडा कुरकुरीत. बलक ओला.

ऑर्विल : एक की दोन?

क्वानबाई : दोन. होऊ द्या सावकाश, मला घाई नाहीये.