भय्यासाहेब निळ्यात, मी हिरव्यात

...नाही, पण मी म्हणतो, त्या बिचाऱ्या प्रोग्रामानं कोणाचं घोडं मारलं होतं? सांगा ना! कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. इकडचं मुकाट्यानं तिकडे पोचवायचा, तिकडचं इकडे आणून द्यायचा, चार वर्षांत एक दिवस खाडा नाही... अन् या कंपनीवाल्यांनी ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर, चार दिवस राहिले असताना, त्याला बंद करून टाकलं! बसा, बसा तुम्ही. उभ्या उभ्या समजण्यासारखी गोष्ट नाही ही.

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघे भाऊ. थोरले भय्यासाहेब, ते राहतात कांचघरला, अन् धाकटा मी, बाबाराव, इथं विजय नगरात. आजोबा नोकरीपायी वर्ध्याकडून जबलपुरात आले ते इथलेच झाले. आता घरात मराठी अन् दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, पण महालक्ष्म्या मात्र वर्ध्याच्याच! पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा अन् कनिष्ठा. आमचे वडील मोठे हुशार माणूस. आम्ही वेगळे राहायला लागलो तेव्हा त्यांनी काय वाटणी केली, तर ज्येष्ठा थोरल्याकडे अन् कनिष्ठा धाकट्याकडे, एक वर्ष पूजा त्याच्या घरी, एक वर्ष याच्या घरी. आता मला सांगा, एकटी महालक्ष्मी कोणी बसवते का? दोघी बहिणी, सोबतच येणार, सोबतच जेवणार! म्हणजे काय, तर तुम्ही दोघं वर्षभर एकमेकांचं तोंड पाहू नका, भाद्रपदात पाहावंच लागेल.

अन् तोंड पाहणं खरंच बंद झालं होतं. काहून? त्या हिरव्या ॲपपायी! तुमच्या सगळ्यांच्या फोनात असेल ते, निरोप पाठवायचं. त्यात आमच्या घराण्याचा ग्रुप, ॲडमिन मी. आता भय्यासाहेब पहाटे पाचपासून सुरू... सुप्रभात, त्याखाली गुलाब, गुलाबावर दवबिंदू, मग आरोग्याचे सात नियम, मग मेथीचे अकरा फायदे... नातेवाईक मला फोन करून राहिले, 'बाबाराव, कुछ करो यार!' तर मी काय केलं, त्यात एक सोय असते, ती लावली की ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो. आठ दिवसांसाठी लावली हो! फक्त आठ दिवस! दुसऱ्याच दिवशी भय्यासाहेबांचा फोन... 'अच्छा! म्हणजे आता धाकटा थोरल्याचं तोंड बंद करणार? ठीक आहे. आजपासून त्या हिरव्याच्या उंबरठ्यात पाय ठेवीन तर नावाचा भय्यासाहेब नाही! मी निळ्यावर चाललो. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्यानं तिथं यावं.' निळं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं, कामधंदा तोच. मीही बिजली बोर्डात चौतीस वर्ष काढलेली, मी काय ऐकून घेतो? म्हटलं, 'निळ्यात पाय ठेवीन तर मीही बाबाराव नाही!' ठक्कन फोन बंद. तेव्हापासून फोन नाही, बोलणं नाही, जो आधी बोलेल तो हरला.

मधला रस्ता काढला यशश्रीनं. यशश्री म्हणजे भय्यासाहेबांची मुलगी, हैदराबादेत कॉम्प्युटरचं काम करते, मराठी समजते सगळी, पण बोलायला निघाली की निम्म्या रस्त्यात हिंदी लागते. म्हणाली, 'काका, एक प्रोग्राम आहे ना, बाहरवाला, तिसऱ्याच लोकांचा. तुम्ही हिरव्यातून लिहा, तो बाबांना निळ्यात देऊन देईल. बाबांनी निळ्यातून लिहिलं तर तुम्हाला हिरव्यात मिळेल. किसी को कहीं जाना नहीं!' आहा! म्हणजे त्यांची शपथ शाबूत, माझी शपथ शाबूत, अन् कोणी आधी बोललं असंही नाही, कारण आम्ही बोलून कुठं राहिलो होतो? प्रोग्राम बोलून राहिला होता!

अन् असा चालला की काय सांगू! दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्या माझ्याकडे होत्या. पंगतीत आम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसलेलो, मध्ये फक्त पाण्याचा तांब्या. माझ्या खिशात टुंग वाजलं. पाहतो तर भय्यासाहेब... 'कढी वाढायला सांग.' मी लिहिलं, 'गरम करून राहिले, दोन मिनिटं.' त्यांच्या खिशात टुंग! अंतर दीड हात, निरोप कुठल्या कुठल्या देशातून फिरून आला असेल देव जाणे, पण कढी आली की नाही? आली! मग अशा गुणी प्रोग्रामानं कोणाचं घोडं मारलं होतं?

आता यंदाची गंमत ऐका. गेल्या वर्षी सुतक आलं, महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. पाळी होती कांचघरची. मग यंदा कोणाकडे? राहून गेलेली कांचघरची पाळी धरायची, का सालाप्रमाणे विजय नगर? प्रश्न मोठा, नाही का? पडवळासकट सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्ण, ब्राह्मण, सगळं त्यावर अडलेलं. आमचं लिहिणं सुरू होतं, तेवढ्यात भय्यासाहेबांचा निरोप आला, 'बाबाराव, यंदा माझं म्हणणं असं आहे की'... अन् संपलं! कीच्या पुढे काहीच नाही! मी वाट पाहून राहिलो, पाच मिनिटं, अर्धा तास, चहा झाला, जेवण झालं... की काय? की काय, अहो भय्यासाहेब?

यशश्रीला फोन लावला. 'काका, वो लोगों ने ब्लॉक कर दिया. बाहेरचा प्रोग्राम नाही चालणार म्हणतात. सेफ्टी के लिए.' म्हटलं, 'कोणाची सेफ्टी, बाई? मी तुझ्या बापाशी पडवळाबद्दल बोलून राहिलो होतो! पडवळात काय धोका?' ती म्हणते, 'ज्याला बोलायचं त्यानं आमच्याच घरात येऊन बोलावं, असं आहे त्यांचं.' घ्या! म्हणजे कंपन्याही भय्यासाहेबच निघाल्या की नाही? मी बिजली बोर्डातला माणूस, मला न्यूट्रलच्या तारेची किंमत माहीत आहे. दिसत नाही, चमकत नाही, पण ती तुटली की घरातले सगळे दिवे फडफडतात. तीच तोडली यांनी!

तुम्ही म्हणाल, बायकांनी ठरवावं ना. वा वा! आमची विनता अन् कांचघरच्या सत्यवती वहिनी रोज अर्धा अर्धा तास फोनवर बोलतात. मी म्हटलं, 'विनता, वहिनींना जरा विचार बरं, भय्यासाहेबांचं म्हणणं काय होतं.' तर कमरेवर हात ठेवून... 'आम्ही दोघी जावांनी ठरवून घेतलं आहे, यंदा निरोपे नाही व्हायचं. अडुसष्ट वर्षांचे तुम्ही, चौऱ्याहत्तरचे ते, आपलं आपण बोला. नाही बोललात तर कनिष्ठा राहील इथं डब्यात अन् ज्येष्ठा तिथं कपाटात. मी भाजीला हात लावणार नाही.' अन् खरंच, बाजाराची पिशवी खुंटीलाच!

रात्रभर... नाही, खोटं काहून बोलू, रात्री झोपलो चांगला. पण सकाळी पूजेला बसलो, कनिष्ठेच्या डब्याकडे लक्ष गेलं. सुतकाचं सोडा, पण आमच्या भांडणापायी दोघी बहिणींची ताटातूट? वडील वर बसून काय म्हणत असतील? हात जोडले, म्हटलं, माय, माफ कर, शपथ मोडतो... अन् फोन घेऊन निळं ॲप टाकायला बसलो. तर फोन म्हणतो, जागा नाही! काय भरलं आहे पाहतो तर फोटोंत सगळे भय्यासाहेबांचे गुलाब. नऊशे चाळीस! विनता म्हणाली, 'पुसून टाका ना, नाहीतरी त्यांच्यापायीच झालं सगळं.' आता तुम्हाला कसं सांगू... नाही पुसवले हो. पहाटे पाचला उठून हा माणूस कोणासाठी पाठवत होता हे? आम्हालाच ना? अन् मी त्यांना आठ दिवस गप्प बसवलं. माझं चुकलं होतं, चार वर्ष माहीत होतं मला, पण लिहायला बोट वळत नव्हतं. मग गुलाब ठेवले अन् हिरवं ॲपच काढून टाकलं. झाली जागा. गेलो निळ्यात! लिहिलं, 'भय्यासाहेब, मी आलो. यंदा महालक्ष्म्या तुमच्याकडेच. कनिष्ठेला घेऊन येतो. त्या आठ दिवसांचं मनावर घेऊ नका.'

एक टिक. म्हणजे निरोप निघाला. दोन टिक झाल्या की पोचला. मी पाहून राहिलो... एक टिक. दुपारी एक टिक. संध्याकाळी एक टिक. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या आधी पाहिलं, आंघोळीनंतर पाहिलं... एकच! आधी राग आला. म्हटलं, मी इतका वाकलो अन् यांचा ताठा पाहा! मग विचार आला, ताठा असता तर वाचून उत्तर नसतं दिलं, हे तर पोचलंच नाही. फोन बंद आहे? भय्यासाहेबांचा फोन अख्खा एक दिवस बंद? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शुगर आहे, गुडघे गेलेले, आंघोळीची फरशी गुळगुळीत... अन् वहिनी काही बोलल्या नाहीत, विनताही काही बोलली नाही... काहून बोलली नाही? लपवून तर नाही राहिल्या?

स्कूटर काढली! 'अहो, कुठं चाललात?' विनता ओरडून राहिली, कोण ऐकते! गोहलपुरात ही गर्दी, पुढं ऑटो, मागं ठेला, अन् तो ठेलेवाला मला म्हणतो, 'अंकल, चप्पल दो तरह की पहने हो!' पाहतो तर एक माझी, एक विनताची. म्हटलं, 'भैया, आगे बढ़ो, मेरा भाई है उधर!' चार वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं हो ते, मेरा भाई.

कांचघरला पोचलो, दार उघडंच. अन् समोर खुर्चीत भय्यासाहेब! धडधाकट! चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला, अन् त्याच्याकडे असे पाहून राहिले जसा काही तो फोन जांभई देणार आहे. मला पाहिलं अन् उठले. मी उंबरठ्यात, ते खुर्चीपाशी. जो आधी बोलेल तो हरला ना! मग त्यांनी आपला फोन माझ्यासमोर धरला, मी माझा त्यांच्यासमोर धरला. त्यांच्या फोनात काय? हिरवं! फोन त्यांचाही जुनाच, जागा त्यांनाही नाही, तर या गृहस्थानं निळं काढून हिरवं टाकलं होतं! अन् त्यात मला लिहिलेलं... 'बाबाराव, मी हिरव्यावर आलो. यंदा महालक्ष्म्या तुझ्याकडे बसव, मी ज्येष्ठेला घेऊन येतो. उत्तर काहून देत नाहीस? तब्येत ठीक आहे ना? बेटा, काहीतरी लिही.' अन् खाली एक टिक! अहो, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला बेटा म्हणणारं आता उरलं कोण?

कोण आधी बोललं ते आजवर ठरलं नाही. मी म्हणतो ते, ते म्हणतात मी. पण काय बोललो ते पक्कं आहे. 'महालक्ष्म्या तुमच्याकडे!' 'तुझ्याकडे! तेच लिहून राहिलो होतो मी परवा!' 'पाळी राहिली तुमची!' 'राहू दे! मी थोरला आहे, मी सांगतो ते ऐक!' 'नाही ऐकत, जा!' अन् असा आवाज चढला दोघांचा की शेजारचा आनंद तिवारी धावत आला, 'क्या हुआ अंकल, पुलिस बुलाऊँ?' अन् आतून सत्यवती वहिनी, हाताला पीठ, फोन खांद्यात धरलेला, डोळ्यात पाणी अन् चेहऱ्यावर हसू... 'विनता, अगं विनता, भांडून राहिले! समोरासमोर! चांगलं जोरात! तू पिशवी घे अन् भाजीला नीघ!'

बसल्या महालक्ष्म्या. वहिनींनीच निकाल दिला, राहिलेली पाळी आधी, यंदा कांचघर, पुढल्या वर्षी विजय नगर. सोळाच्या सोळा भाज्या झाल्या, पडवळ मीच आणलं. दोघी शेजारी शेजारी अशा शोभून दिसल्या म्हणता!

पण तिढा पाहा. आता मी निळ्यात अन् भय्यासाहेब हिरव्यात. मी म्हणतो, 'मी तुमच्यासाठी इथं आलो, मी काहून परत जाऊ?' ते म्हणतात, 'मी तुझ्यासाठी आलो, मी नाही हलत.' म्हणजे निरोप पुन्हा जातच नाही! काल आम्ही दोघं कांचघरला बसलेलो, तर यशश्रीचा फोन आला, स्पीकरवर, 'काका, परदेशात कायदा झाला म्हणे, कंपन्यांना एकमेकांसाठी दार उघडावं लागणार. कभी इधर भी होगा. तोवर दुसरा प्रोग्राम बसवून देऊ का?' इकडून मी अन् तिकडून तिचा बाप, दोघंही एकदम ओरडलो, 'नको!' कारण आता मी रोज संध्याकाळी सहाला कांचघरला जातो. रोज! अन् भय्यासाहेबांजवळ चार वर्षांचं साचलेलं आहे. मेथी आहे, गुडघे आहेत, सुना आहेत, राजकारण आहे... दोन दोन तास सलग! मला मध्ये 'अच्छा' म्हणायलाही जागा ठेवत नाहीत. थोरले आहेत, तोडताही येत नाही, अन् खरं सांगू, तोडावंसंही वाटत नाही... पण मलाही काही बोलायचं असेल की नाही? मी कुठं बोलू? म्हणून तर तुम्हाला पाऊण तास इथं धरून बसवलं ना, बाप्पा!