छातीचा पट्टा

सर : मग ठोके मोजायला मनगटावरचं घड्याळ नको म्हणतेस?

हरणी : दुसऱ्या कुणाला दिलं असतं, सर. सकाळी अर्धा तास चालणाऱ्यांना ते पुरतं. तुमची मैदानावरची मुलं जोरात पळतात, थांबतात, परत पळतात. तेवढ्यात ते घड्याळ मागे राहतं. पोरगं थांबून पाणी प्यायला लागतं, तरी हे मघाचेच ठोके दाखवत बसतं.

सर : आणि हा पट्टा?

हरणी : हा छातीला बांधायचा. आतून हे दोन काळे तुकडे आहेत ना, ते आधी पाण्याने ओले करायचे. कोरडे राहिले की आकडा वाटेल तशा उड्या मारतो. मूल तुमच्या जवळून पळत गेलं की ठोके तुमच्या फोनवर दिसतात.

सर : छान समजावून सांगतेस गं, हरणी.

हरणी : त्या नावाने आता कुणी हाक मारत नाही. दुकानात सगळे मॅडम म्हणतात.

सर : मीच ठेवलेलं नाव. सोळा वर्षं झाली, तरी तोंडातून निघून गेलं.

हरणी : राहू दे. कुणासाठी हवाय? छातीचं माप लागेल.

सर : एक पोरगी आलीय माझ्याकडे. नुकतं चौदावं लागलंय. आठशे मीटर पळते. पहिल्या फेरीत कुणाला ऐकत नाही, आणि दुसरीत मध्येच थांबते. छातीला हात लावून उभी राहते. म्हणते, धडधडतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.

हरणी : कधीपासून?

सर : महिना झाला असेल. घरचे म्हणतात, ती अभ्यासातही अशीच अंग चोरते. म्हटलं, यंत्रच आणू. खरं-खोटं काय ते दिसेल.

हरणी : (पट्टा परत खोक्यात ठेवत) मग हा मी तुम्हाला विकत नाही.

सर : का गं?

हरणी : तिला खोटं पाडायला हवाय तुम्हाला हा.

सर : तसं नाही गं. तुझ्या वेळी मी नुसत्या अंदाजावर बोललो. पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून तर आलो. तू इथे असतेस हे कळल्यावर वाटेतली दोन दुकानं सोडून मुद्दाम आलो.

हरणी : माझ्या वेळी काय बोलला होतात, आठवतं?

सर : आठवतं.

हरणी : बोला ना.

सर : 'नाटकं बंद कर. संघात राहायचं असेल तर पळ.' सगळ्यांसमोर बोललो.

हरणी : आणि मी पळाले. निवड चाचणीत शेवटच्या वळणावर पडले. शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाची लय बिघडते, जन्मापासूनचं आहे, उपचार केले की बरी होईल. झालेही बरी. पण घरी येऊन बघते तर बाबांनी माझे पळायचे बूट कुणालातरी देऊन टाकलेले. मैदानाचं नाव काढायचं नाही म्हणाले.

सर : मी आलो होतो दवाखान्यात.

हरणी : तुम्ही? कधी?

सर : दुसऱ्या दिवशी. जिना चढत होतो, तर वरून तुझ्या आईचा आवाज आला. डॉक्टरांना विचारत होत्या, 'पोर दोन महिने सांगत होती, मग कुणी ऐकलं कसं नाही?' माझा पाय पुढे पडलाच नाही. तसाच मागे फिरलो. मग रोज म्हणायचो, उद्या जाऊ. पुढे पुढे, इतके दिवस का नाही गेलो याचीच लाज वाटायला लागली.

हरणी : मी वाट बघत होते, सर. दाराशी पावलं वाजली की उठून बसायचे. मला वाटलं, मी पडले, निवड हुकली, म्हणून तुम्ही रागावलात. कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

सर : अगं बाई... तुझी काय चूक त्यात? चूक माझी होती. हे तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं.

हरणी : हो. हवं होतं.

सर : आता सांगून काय उपयोग म्हणा.

हरणी : मला फारसा नाही. ती मुलगी आज मैदानावर येणार आहे?

सर : पाच वाजता.

हरणी : पळवू नका तिला. तिच्या घरी जा, आईवडिलांना सांगा, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. हा पट्टा आकडा सांगतो, आजार नाही सांगत. आकडा बरा दिसला की तुम्ही पुन्हा 'पळ' म्हणाल. डॉक्टर हो म्हणाले, तर तिलाच घेऊन या. मी माप घेऊन बांधून दाखवीन.

सर : ते म्हणतील, सर उगीच घाबरवतात.

हरणी : मग माझी गोष्ट सांगा.

सर : सांगतो. मी काय बोललो होतो, तेही सांगतो.

हरणी : आणि पुन्हा छातीला हात लावून थांबली, तर आधी खाली बसवा तिला. काही विचारत बसू नका.

सर : तू पहिल्यांदा थांबलीस, तेव्हा बसवलं होतं का गं मी तुला? आठवतच नाही.

हरणी : नाही, सर. आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.