गारठलेला ट्रक आणि मागे अॅम्ब्युलन्स

आज हसतोय, पण त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागलेला. पेणकरपाड्यातल्या आमच्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी माझा जुना डिझेल ट्रक, मागे अडकलेली अॅम्ब्युलन्स आणि आत शेजारच्या सावंतकाकू, धाप लागलेल्या. थंडीने इंजिन गारठलेलं. चावी फिरवली की नुसती घरघर. माल भरलेला, त्यामुळे ढकलूनही हलेना.

अॅम्ब्युलन्सवाला ओरडला, "भाई, जल्दी करो!"

तेवढ्यात काकूंची सून अंघोळीचं कढत पाणी घेऊन धावत आली. त्यात फडकी भिजवून मी इंजिनला शेकलं. पुन्हा चावी फिरवली. भसकन धूर आला, ट्रक सुरू झाला आणि रस्ता मोकळा झाला.

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. मी मान खाली घालून भेटायला गेलो.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी सांग, गाडी कुठे लावलीस?"