मास्तरांच्या घोटभर पाण्याचा पुरावा

...आणि वर सर मलाच सांगतात, "फिल्टर लाव!" लावला हो, लावला! एक नाही, पाच लावले! चहाला एक गाळणं पुरतं, इथे पाच गाळणी एकावर एक धरली आणि खाली कपात काय पडलं? थेंबसुद्धा नाही! फिल्टर लावा म्हणे!

थांबा, तुम्हाला नीट सांगते. मी सर्जरीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर. आमच्याकडे नियम असा, की उद्या ऑपरेशन असलं की आज रात्री बारापासून अन्न बंद आणि पाणीही बंद. का? तर असंच चालत आलंय! आता नऊ नंबरच्या खाटेवरचे मास्तर घ्या. निवृत्त, वय एकाहत्तर, हर्निया. दोनदा त्यांचं ऑपरेशन लागलं, दोनदा दुपारी तीनपर्यंत ओठ चाटत बसले, आणि दोन्ही वेळा सिस्टर येऊन म्हणाल्या, "आज काही जमत नाही हो मास्तर, जेवून घ्या!" दुसऱ्यांदा त्यांनी पिशवीच भरली. म्हणाले, "पोरी, मी वर्गात मुलांना अंगठे धरून उभं केलंय, पण पाणी प्यायला कधी अडवलं नाही. तिसऱ्यांदा असं झालं तर मी आणि माझा हर्निया, दोघं घरी." आणि तो हर्निया घरी न्यायच्या लायकीचा नव्हता हो! आतडं अडकलं असतं तर जिवावर बेतलं असतं!

मी तडक आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सरांकडे. "सर, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, हे तपासून झालंय!" सर मान वर न करता म्हणाले, "पुरावा आण. पण कचरा नको, फिल्टर लाव. मागच्या पाच वर्षांतलं, माणसांवरचं, पासष्टच्या पुढच्यांचं, फक्त हर्नियाचं, फुकट मिळणारं... आणि हो, एका पानात बसव!" एका पानात! मास्तरांचा घसा पंधरा तास कोरडा, आणि यांना दुसरं पान उलटायला जड!

बसले ग्रंथालयात. संगणकावर शोधाचे शब्द टाकले, तर साडेतीन हजार लेख! जीव हरखला. उघडते तर पहिले दोन, उंदरांना किती वेळ उपाशी ठेवावं यावर. बरं बाबा, 'मानव'वर खूण. पाच वर्षं, खूण. वय, खूण. हर्निया, खूण. फुकट, खूण. आणि तो आकडा असा घसरला, असा घसरला... शेवटी उरले किती? तीन! पहिला लेख चुका सापडल्या म्हणून मागे घेतलेला, दुसऱ्यात पहिल्यावर टीका, आणि तिसऱ्यात त्या टीकेला उत्तर! शी! अक्षरशः शिसारी आली. फिल्टर लावा म्हणे!

मी टेबलावर हात आपटला तसे ग्रंथपाल काका चष्मा पुसत आले. "अगं, आधी ते 'मानव' काढ."

"काढू कशी काका? उंदीर येतील!"

"येऊ दे चार उंदीर. नव्या लेखांवर 'मानव' असा शिक्का बसायला वेळ लागतो. शिक्का नाही तोवर यंत्राच्या लेखी त्यातली माणसं माणसं नाहीत!"

ऐकलंत? माणसं तपासली, माणसांनी लिहिलं, आणि शिक्का नाही म्हणून गायब! काका म्हणाले, "आणि पाणी काय हर्नियाला पाजणार आहेस का? ती खूणही काढ. आणि पाचच वर्षं का? चांगला अभ्यास काय दूध आहे नासायला?" एकेक खूण काढत गेलो, आणि आला की हो पुरावा! ढीगभर! शेकडो रोगी, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले, एकाला पाणी, एकाला नाही, आणि पाणी प्यायलेल्यांना जास्त धोका? काहीही नाही! उंदीर मी हाताने वेचून काढले, बाकीचं छापलं, सरांपुढे ठेवलं.

आणि सर चक्क म्हणाले, "वा! पत्रक काढू!" मला वाटलं, जिंकलो! मग सर लिहायला लागले. "दोन तास आधीपर्यंत पाणी द्यावं... मधुमेही सोडून. हं, लठ्ठ सोडून. पोटाच्या तक्रारीवाले सोडून. पासष्टच्या पुढचे सोडून, उगाच जोखीम नको. आणि ज्यांची ऑपरेशनची वेळ नक्की नाही, ते सोडून."

"सर, वेळ तर कुणाचीच नक्की नसते!"

"म्हणूनच तर लिहिलं."

पत्रक घेऊन वॉर्डभर फिरले. खाटा तीस. सगळ्यांना लावून पाहिलं, उरला एक! आनंदाने त्याच्याकडे धावले, तर त्याचं ऑपरेशन सोमवारीच झालेलं, तो बूट घालून घरी निघालेला! चीड येणार नाही तर काय येणार?

गुरुवारी मास्तरांची तिसरी वेळ. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. जीभ टाळूला चिकटलेली, पिशवी मांडीवर. मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पिशवीचा बंद आवळला. "म्हणजे चौकशी केलीस, पुरावा मिळाला, आणि पाणी नाही."

"नाही मास्तर."

"मग ओठांना ओला कापूस तरी लावशील?"

लावला. दर पाच मिनिटांनी लावला, आणि म्हणून ते अडीच वाजेपर्यंत टिकले, ऑपरेशन झालं, नीट झालं. सगळा वॉर्ड बघत होता, सरसुद्धा समोरून गेले, पण ओल्या कापसाचा पुरावा अजून कुणी मागितलेला नाही.