उतरत्या ताकदीचा पहारेकरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालकसाहेब, व्यासपीठावर बसलेले आमचे नवे भागीदार, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ताई, पहिल्या रांगेतल्या ताईंच्या वहिनी, आणि टेबलं भिंतीला लावून या जेवणघराचं सभागृह करणारे माझे सहकारी मित्रहो,

मी प्रोग्रॅमर. माणसांपेक्षा यंत्राशी बोलायची सवय. यंत्र चूक झाली की तिथल्या तिथे सांगतं. सभा मात्र शेवटपर्यंत हसतमुख बसून राहते, त्यामुळे जरा धास्ती वाटते. तरीही ताईंबद्दल बोलण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल आयोजकांचा ऋणी आहे.

ताई खेळ रचतात. व्हिडिओ गेममधला नायक कुठून निघणार, त्याला कोण अडवणार, तो कशाने हरणार, हे ठरवणं त्यांचं काम. आपली ‘पहारेकरी’ ही मालिका त्यांचीच. भागीदारांनी मघाशी पहिल्या दोन भागांचं तोंडभरून कौतुक केलं. तिसऱ्याचा उल्लेख बहुधा वेळेअभावी राहून गेला. तेवढा मी करतो.

पहिल्या भागातला पहारेकरी पोरगेलासा शिपाई असतो. लढत जाईल तसा बळावत जातो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस तर राक्षसाला दोन घावांत लोळवतो. अशा खेळांची रीतच ती, नायकाची ताकद चढत जायची. तिसऱ्या भागात ताईंनी ती उतरती ठेवली. म्हातारा पहारेकरी गावकऱ्यांना घेऊन डोंगरापलीकडे निघतो, आणि दर मुक्कामाला त्याचं काहीतरी जातं. आधी धावणं. मग तलवार उचलेना. मग पायऱ्या चढवेनात. सोबतच्यांना वेळेवर आपली हत्यारं दिली असतील, लढायला शिकवलं असेल, तरच ते हाकेला धावून येतात. नाहीतर खेळणारा पायऱ्यांपाशी अडकतो. बहुतेक जण तिथेच अडकले. खेळ बिघडलाय, अशा तक्रारी यायच्या. बिघडला नव्हता हो. तो तसाच होता.

असं का केलं असेल ताईंनी?

ताईंचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो, घरसामान हलवण्याच्या धंद्यात होते. लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचे. एके दिवशी जिन्यात त्यांच्या हातून फ्रीजचा कोपरा सुटला. वय झालं म्हणून जोडीदारांनी चेष्टा केली. वय झालं नव्हतं. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता, आणि त्यावर इलाज नव्हता. पुढच्या वर्षी त्यांना चमचासुद्धा जड झाला. ताई काम सुटलं की भावाकडे जायच्या आणि सकाळी येऊन तिसरा भाग रचायला बसायच्या. बाई खचल्यात, म्हणून खेळही असा होत चाललाय, असं आम्हाला वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की एकदा घरी चल, दादाला कंट्रोलर धरता येत नाही, काही करता आलं तर बघ.

मी गेलो. मोठ्या बटणांचा एक कंट्रोलर जुळवून दिला, नुसत्या अंगठ्याने चालणारा. दादा खाटेवर उशांना टेकून होते आणि वहिनी मागून त्यांची मान सावरत होत्या. खेळ अजून कच्चा होता. खेळणाऱ्याने अगदीच हिरमुसू नये म्हणून मी त्यात एक औषध ठेवलं होतं. पहारेकऱ्याने ते प्यायलं की थोडा वेळ जुनी ताकद परत यायची. कल्पना माझी, आणि मला तिचं भारी कौतुक. दादांनी ते औषध पाजलं. पहारेकरी ताडताड पायऱ्या चढून गेला. दादा मला म्हणाले, “हे कुठल्या दुकानात मिळतं?”

वहिनी हसल्या. मीही हसलो. दादा हसत नव्हते.

“काढून टाका ते,” ते म्हणाले. “आधीच्या दोन भागांतला गडी शूर आहे, झकास आहे. पण हा माझ्या ओळखीचा आहे. याला फसवू नका.”

मंडळी, तिसरा भाग सगळ्या मालिकेत वेगळा का, असं कुणी विचारलं तर याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. औषध मी काढून टाकलं.

दादांनी तो खेळ जिंकला असेल, असं आपल्याला वाटत असेल. नाही. अंगठा गेला तेव्हा ते सांगायचे आणि वहिनी बटणं दाबायच्या. वाचा गेली तेव्हा वहिनी ‘डावीकडे का?’ असं विचारून त्यांच्या पापण्यांकडे बघायच्या. शेवटचा मुक्काम यायच्या आतच दादा गेले. वहिनींनी तो खेळ पुन्हा लावलेला नाही. ताईंनी मात्र खेळाच्या शेवटी जी नावं सरकत जातात त्यांत, ‘खेळून पाहणारे’ या ओळीत, दादांचं नाव घातलं. खेळ पुरा करणारेच इतके थोडे, की ते फारसं कुणी वाचलं नसेल.

खेळ चालला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आता भागीदारांच्या इच्छेनुसार तिसरा भाग नव्या रूपात येतो आहे, आणि त्यात पहारेकऱ्याची ताकद चढती असणार आहे. साहेब, मी आपल्या केबिनमध्ये येऊन हुज्जत घातली होती. आपण शांतपणे म्हणालात, “लोक दिवसभर हरून घरी येतात रे. घरी तरी जिंकू दे त्यांना.” मी माझ्या जागेवर परत आलो. खरं सांगतो, आपल्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ताईंनी राजीनामा दिला. मी दिला नाही. माझ्यावर घर चालतं. आणि तो बदल करायचं काम माझ्याकडेच आलंय, कारण ताकदीचे ते सगळे आकडे प्रोग्रॅममध्ये कुठे दडलेत ते मलाच ठाऊक आहे. सोमवारी सुरुवात.

परवा ताई आपलं टेबल आवरत होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याच म्हणाल्या की तूच कर, दुसऱ्या कुणी केलं तर ते धड चालणारही नाही. मला वाटलं, सुटलो. मग खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्या म्हणाल्या,

“एक काम कर. शेवटच्या नावांतून दादाला काढ. हा खेळ त्याने खेळलेला नाही.”

आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. खोकं उचलायला मी पुढे झालो, तर त्यांनी मुकाट्याने उचलू दिलं. त्या घरातल्या माणसाने आपलं ओझं दुसऱ्याच्या हाती दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनी, ताईंनी हे आपल्याला कालच सांगितलंय, म्हणून इथे बोलायचं धाडस केलं.

पुढच्या वाटचालीला शुभेच्छा द्यायचा प्रघात आहे. पुढे काय, असं मी ताईंना विचारलं होतं. काही नाही, म्हणाल्या. तेव्हा शुभेच्छा नेमक्या कशाला द्यायच्या, मला समजत नाही. तरी देतो.

अध्यक्षमहोदयांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, चार शब्द अधिक गेले असतील, तर आपला माणूस समजून पोटात घाला. सोमवारी मी जे करणार आहे ते मात्र, ताई, पोटात घालू नका.