मोरीच्या भिंतीवरच्या रेघा

आम्ही मूळचे हडपसरच्या पलीकडचे, गाव आता शहरात गेलं, पण माझा बाप मैलकुली व्हता आणि त्याच्या जागी मी लागलो, म्हणजे रस्त्याचा एक तुकडा आपला, खड्डे आपण बुजवायचे, चर आपण उपसायचे, मोरी आपण साफ ठेवायची. ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायचा छोटा पूल, माझ्याच तुकड्यात. बापानं सवय लावलेली, पावसाळा सरला की पाणी चढलं तिथवर भिंतीवर डांबराची रेघ मारायची, शेजारी साल लिहायचं. बापाच्या रेघा गुडघ्याला, माझ्या पहिल्या कमरेला, आणि अलीकडच्या, काय सांगू तुम्हाला, छातीच्या वर. माझी सून रोज त्याच मोरीवरून स्कूटीनं खराडीला कामाला जाती, पाऊस लागला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मग ती हवामानवाली माणसं आली, पुढं रस्त्यांना पावसाचा किती धोका हाय ते तपासायला. त्यातली इंजिनियर पोरगी वाकून वाकून रेघांचे फोटो काढत व्हती, म्हणाली काका, असली नोंद आम्हाला कुठंच मिळाली नाही, अहवालात तुमचं नाव टाकते. म्हटलं नाव राहू द्या, मोरी तेवढी मोठी करा. म्हणाली होईल. मी चहा पाजला तिला.

आठवड्यानं आमचे साहेब म्हणाले, पाहणीला मोठे साहेब येणार, भिंत रंगव. म्हटलं साहेब, रेघा हायत. म्हणाले, फोटो गेले ना कॉम्प्युटरात, आता काय रेघांची पूजा घालतोस? मला पटलं बघा. फोटो निघाला म्हणजे नोंद झाली, असंच वाटलं. माझ्याच हातानं रंग दिला, दोनदा, बापाच्या रेघांवर तीनदा, काळं वर येत व्हतं म्हणून.

मग अहवाल आला, तो तुम्हीच पेपरवाल्यांनी मला वाचून दाखवलात. जुन्या पाण्याची स्थानिक नोंद उपलब्ध नाही, धोका मध्यम, मोरी आहे ती पुरेशी. साहेबांना विचारलं, तर म्हणतात, चल, दाखव कुठं हायत तुझ्या रेघा.

परवा पाणी रस्त्यावरून गेलं. सुनेचा फोन आला, मामा, मी पलीकडं उभी हाय, स्कूटी वाहून गेली. पाणी उतरल्यावर डांबराचा डबा घेऊन गेलो, तर रेघ मारायला भिंतच पुरंना.

त्या पोरीचं भलं व्हावं, माझा फोन ती उचलत न्हाय. तुम्ही तिला भेटाल तर एवढंच विचारा, बाई, ते फोटो हायत का गं तुझ्यापाशी अजून.